गवत धुणाऱ्यांच्या घरची गव्हाण

मी एक जुनी गव्हाण आहे. गव्हाण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गोठा आणि त्यात रवंथ करणारी म्हैस आली असेल, तर तिला आधी हाकलून द्या. मी सशाची गव्हाण आहे. तारेची, जेमतेम वीतभर रुंद, पिंजऱ्याच्या जाळीला आतून अडकवलेली. माझ्या तारांच्या फटींतून ससा गवताची एकेक काडी ओढून खातो. माझे काम एवढेच. पण हे एवढेसे काम करता करता मला माणसांची जी अक्कल पाहावी लागली, ती पाहावी लागली नसती तर बरे झाले असते. मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून सौम्य शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. जमेलच असे नाही.

मी आधी हँगर होते. एक नव्हे, बरेच हँगर. एका लाँड्रीत आम्ही कोट अंगावर घेऊन लटकत असू. पुढे दुकान, मागे इस्त्रीची खोली आणि तिच्या मागे राहते घर, अशी ती जागा. दुकान बाई चालवते. इस्त्री तिचे सासरे करतात; त्यांना गिऱ्हाइकेसुद्धा आजोबाच म्हणतात. बाईची मुलगी बिट्टी शाळेतून आली की कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचते. बाईचा नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, त्यामुळे तो या गोष्टीत नाही. एक माणूस कमी, तेवढाच माझा ताप कमी.

एकदा एक गिऱ्हाईक पडदे धुवायला टाकून गेले. सोबत एक पिंजराही ठेवून गेले. "आठवडाभर गावाला जातोय, तेवढा सांभाळा," असे म्हणाले आणि पुन्हा उगवले नाही. कोणी न नेलेले कपडे लाँड्रीत वरच्या फळीवर ठेवतात. पडदे तिथे गेले. सशाला फळीवर ठेवता येत नाही एवढे या लोकांना कळले, याचेच मला आश्चर्य वाटते. बिट्टीने मात्र पिंजऱ्यालाही नंबराची चिठ्ठी टाचली. ससा राखाडी होता आणि त्याच्या मानेभोवती पांढरा पट्टा होता, म्हणून त्याचे नाव कॉलर पडले. कपड्यांत जन्म काढलेल्या माणसांना याहून दूरचे काय सुचणार?

सुरुवातीला कॉलरचे गवत खाली जमिनीवर टाकत. तो त्यावर बसे, त्यावरच लेंड्या टाके आणि मग ते खाईना. तेव्हा आजोबांनी पक्कड घेतली, वाकडे झालेले हँगर गोळा केले आणि पिळून, वाकवून मला बनवले. माझी एक बाजू वर गेली, एक खाली राहिली. आजोबा दोन पावले मागे सरले, डोळे बारीक करून म्हणाले, "जमलंय की." जमले नव्हते. मी आजतागायत तिरकी आहे.

पळून गेलेल्या त्या गिऱ्हाइकाने गवताची एक मोठी पिशवी मागे ठेवली होती. ससा टाकून पळणाऱ्या माणसाबद्दल माझे मत काय असेल ते तुम्ही ओळखाच. पण गवत त्याला कळत होते. हिरवट गवत होते ते. रंगवल्यासारखे हिरवेगार नव्हे, काळजीपूर्वक वाळवलेल्या पानाचा असतो तसा हिरवट रंग. काड्या बोटापेक्षा लांब, जराशा कडक, मधूनच एखादी नाजूक पात, एखादे कणीस. काडी वाकवली की कट्‌ करून मोडायची. वास गोडसर, मोकळ्या माळाचा. हलवले तर खाली धूळ पडत नसे. मी ते पोटात धरून असायचे आणि कॉलर तासन्‌तास ओढत असायचा.

सशाला गवत का लागते, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. "आवडतं म्हणून," असे सांगतील. मोठी माणसे ठामपणे चुकतात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवताच्या काड्या चघळून ते झिजले, तरच ते बेतात राहतात. आणि त्याचे पोट हे सतत चालू ठेवावे लागणारे यंत्र आहे. गवताचे लांब धागे आत जात राहिले की ते फिरते. धागे थांबले की तेही थांबते. माणसाचे पोट बिघडले तर त्याला सुट्टी मिळते. सशाचे पोट थांबले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर ससा जातो.

ती पिशवी संपली आणि माझ्या नशिबी या घराची निवड आली.

पहिली निवड आजोबांची. काचेच्या सामानाच्या खोक्यात भरलेला पेंढा त्यांनी काढून आणला. "गवत ते गवत," असे म्हणत त्यांनी तो माझ्यात कोंबला. पेंढा म्हणजे दाणे काढून घेतल्यावर उरलेले पिवळे, पोकळ धाट. त्यात पोषण नावालाच. कॉलरने तो ओढून काढला, खाली पसरला आणि त्यावर झोपला. पेंढा कशासाठी असतो हे त्या घरात फक्त त्यालाच कळत होते.

मग बाईने दुकानातून पाकीट आणले. वर हसऱ्या सशाचे चित्र होते. ससे हसत नाहीत. पाकिटात गवताचा भुगा होता, कापून कापून इतका बारीक केलेला की अर्धा माझ्या फटींतून सरळ खाली गळला आणि उरलेल्या धुळीने कॉलर शिंकत राहिला. त्याच दुकानातून एक प्लास्टिकची वाटीही आली. तिच्यावर गाजर रंगवलेले, आत रंगीत बिस्किटे. माझ्या शेजारी बसून ती असा तोरा मिरवायची, जणू सगळा ससा तिच्याच जिवावर उभा आहे.

बिट्टीने आणला लसूणघास. हिरवागार, पानेच पाने. कॉलर त्यावर तुटून पडला. "बघ आई, किती आवडीने खातोय," असे बिट्टी दिवसातून कितीदा म्हणायची. आवडीने तर बिट्टी चिकट गोळ्याही खायची, आणि तिच्या दाढा कशा झाल्या होत्या ते मी पाहत होते. वाढत्या पिल्लाला लसूणघास ठीक आहे. मोठ्या सशाला तो रोज पोटभर देणे म्हणजे आजोबांना रोज मेजवानी घालणे. कॉलर गोल झाला, त्याच्या लेंड्या मऊ आणि चिकट झाल्या, आणि पिंजऱ्याखालचा ट्रे धुताना बाई रोज नाक मुरडू लागली.

शेवटी चांगले गवत घरात आले ते कोणाच्या हुशारीने नव्हे, एका खिशातून आले. घोडेवाल्यांना चारा पुरवणारा एक माणूस लाँड्रीत कपडे टाकायचा. त्याच्या खिशांतून काड्या निघत. बाई एकदा त्याला म्हणाली, "भाऊ, तुमच्या खिशात अर्धं रान असतं. एक दिवस माझं मशीन बसेल."

"टाकू नका वहिनी, सशाला घाला. चांगलं आहे ते."

"मग खिशातून कशाला, पिशवीतूनच आणा की."

त्याने आणली. पुन्हा ते हिरवट, लांब काड्यांचे गवत माझ्यात आले. कॉलर उतरला, हलका झाला, उड्या मारू लागला. त्याच्या लेंड्या गोल, कोरड्या, चुरल्या तर आत नुसते गवत दिसावे अशा झाल्या. शिष्ट लोक अशा गोष्टी बोलत नाहीत. पण ससा बरा आहे की नाही याची खरी बातमी तिथेच असते, त्यामुळे नाक धरायचे असेल तर खुशाल धरा. त्या दिवसांत घरात माझेही कौतुक झाले. "आजोबा, तुमची गव्हाण काय टिकली हो," असे बाई म्हणाली. आजोबांनी मान डोलावली. तिरके बनवल्याबद्दल अजून कोणी माफी मागितलेली नाही.

आणि मग त्या पिशवीतून एक किडा निघाला.

किडा मेलेला होता, वाळून काडी झालेला. पण बाईच्या घरात न धुतलेली वस्तू राहत नाही. बिट्टीच्या पेन्सिली धुतलेल्या मी पाहिल्या आहेत. बाईने पिशवीकडे असे पाहिले, जणू तीत मेलेला उंदीर आहे.

"हे असलं बाहेरचं, मातीतलं, आपण त्याला तसंच घालतोय?"

"अगं, ससा आहे तो," आजोबा म्हणाले.

"म्हणून काय घाण खायची त्यानं?"

मित्रांनो, यानंतर जे झाले ते सांगताना माझ्या तारा आखडतात. बाईने गवत तलम कपड्यांच्या जाळीदार पिशवीत भरले आणि मशीनमध्ये टाकले. गरम पाण्यात. मग ते पिळून काढले आणि खोलीत दोरीखाली पसरले. संध्याकाळी आजोबांनी वरून हलकी इस्त्री फिरवली. मी थट्टा करत नाही. गवताला इस्त्री. मग कोट देतात तशा पारदर्शक पिशव्यांत ते भरले, तोंडे घट्ट बांधली आणि कोरडे राहावे म्हणून पिशव्या वाफेच्या टाकीशेजारी, उबेत रचल्या. बिट्टीने त्यांनाही नंबर टाचले. तिघेही त्या ढिगाकडे पाहून खूश झाली.

गवत वरून वाळले होते. जिथे काड्यांचे जुडगे झाले होते, तिथे आत ओल होती. ओल, ऊब आणि कोंडलेली हवा. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. ती पाहुणी फार साधी आहे.

काही दिवसांनी ते गवत माझ्यात भरले, तेव्हा माझ्या तारांना ते कोमट लागले. वाळलेले गवत कोमट नसते. वासही आला, कपाटात विसरलेल्या ओल्या टॉवेलचा. गिऱ्हाइकाने असा टॉवेल आणला की बाई दारातूनच ओळखते आणि त्याला चार शब्द सुनावते. पण हे गवत तिने स्वतः धुतले होते. आपण स्वतः धुतलेल्या वस्तूला वास येतो हे माणसाचे नाक कबूल करत नाही.

कॉलरने एक काडी ओढली, तोंडात फिरवली आणि टाकून दिली. मग माझ्याकडे पाठ करून बसला.

"नखरे आलेत त्याला," आजोबा म्हणाले.

बिट्टीने बिस्किटे घातली. त्याने बिस्किटे खाल्ली, आणि ती प्लास्टिकची वाटी दिवसभर फुगून बसली. दुसऱ्या दिवशी त्याने बिस्किटेही सोडली. कोपऱ्यात अंग गोळा करून बसला, डोळे अर्धवट मिटलेले. मधूनच दात करकर वाजवायचा. सशाला दुखले की तो तसे करतो. आजोबांना वाटले तो झोपेत गाणे म्हणतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईने ट्रे ओढला. तो कोरा होता. एकही लेंडी नाही. आणि ती बाई, मित्रांनो, खूश झाली.

"बघ बिट्टे, धुतलेलं खाल्लं की कसा स्वच्छ राहतो. मी म्हणत नव्हते?"

बिट्टीने ट्रेकडे पाहिले, मग कॉलरकडे, मग माझ्याकडे. मी कालच्याइतकीच भरलेली होते.

"आई, त्यानं खाल्लंच नाहीये. धुतलेलं पण नाही आणि काहीच नाही."

बाईच्या हातात ट्रे तसाच राहिला.

त्यांनी दुकान बंद केले आणि पिंजरा उचलून तिघेही जनावरांच्या दवाखान्यात गेली. मी पिंजऱ्याला अडकलेली, म्हणून मीही गेले. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिच्या कोटाला इस्त्री नव्हती, त्यामुळे आमच्या तिघांचे आणि माझेही तिच्याबद्दलचे मत लगेच वाईट झाले. तिने कॉलरचे पोट हलक्या हाताने दाबून पाहिले, नळी लावून बराच वेळ ऐकले.

"आत काहीच हलत नाहीये. लेंड्या कधीपासून नाहीत?"

"कालपासून ट्रे अगदी स्वच्छ आहे," बाई म्हणाली. आवाज पडलेला होता.

"सशाचा ट्रे स्वच्छ दिसला की धावत यायचं असतं, बाई."

मग तिने माझ्यातल्या मूठभर काड्या ओढल्या. वास घेऊन मान मागे नेली. एक काडी वाकवली. ती मोडली नाही, चामड्यासारखी वाकली. मग एक जुडगे दिव्याखाली धरले. जुडग्याच्या आत पांढरट जाळे होते आणि राखाडी ठिपके.

"हे कुणी निवडलं?"

"मी," बाई म्हणाली. "म्हणजे गवत चांगलं होतं हो. मी फक्त धुतलं."

डॉक्टरने काडी खाली ठेवली. "काय केलंत?"

"धुतलं. साबण नाही घातला."

"आणि इस्त्री," बिट्टी म्हणाली.

"इस्त्रीचं कशाला सांगतेस आता," आजोबा पुटपुटले.

डॉक्टर हसली नाही. मला ती आवडू लागली. "ज्यानं हे कापलं, त्यानं उन्हात उलटंपालटं करून यातलं पाणी काढलं. तुम्ही ते पुन्हा भरलंत, आणि वर गाठ मारलीत."

"तो मरणार आहे का?" बिट्टीने विचारले.

"पोट चालू झालं तर नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळेल." तिने उगाच गोड काही सांगितले नाही. कॉलरला सुया टोचल्या, कातडीखाली सलाइनचे पाणी दिले, हिरवी पेज पिचकारीने तोंडात कशी घालायची ते बाईला दाखवले. मग मला रिकामे करून, पुसून, कपाटातल्या एका कापडी पिशवीतून माझ्यात नवे गवत भरले आणि एक मूठ बाईपुढे धरली. "हे असं हवं. वास घ्या. मोडून बघा. हातात चुरा. आता हे लक्षात राहू द्या."

बाईने ते नाकाशी धरले. बराच वेळ धरले.

घरी आल्यावर दुकान उघडले नाही. बाई पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसली. ठरल्या वेळी कॉलरला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि पेज घालायची. निम्मी तिच्या साडीवर सांडायची. ती साडी तिने बदलली नाही. बिट्टी काड्या त्याच्या ओठांपाशी धरायची, तो तोंड फिरवायचा. आजोबा दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "काही?" आणि उत्तर न ऐकताच जायचे. ज्यांनी हा उद्योग केला तीच माणसे अशी हवालदिल झालेली पाहून मला समाधान वाटायला हवे होते. मी भरलेली होते आणि मला कोणी ओढत नव्हते. गव्हाणीला याहून वाईट दुसरे काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी एक तार हलली.

जरासेच. मग पुन्हा. कॉलरने एक काडी ओढली होती आणि ती तोंडात आडवी फिरवत हळूहळू आत घेत होता. ती काडी संपली. त्याने दुसरी ओढली. ऊन खिडकीवरून उतरायच्या आत ट्रेमध्ये मिऱ्याच्या दाण्याएवढे काहीतरी पडले.

"आई," बिट्टी कुजबुजली, "एक आली."

आजोबांनी चष्मा लावला, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. "आलीच की."

पेन्सिली धुणाऱ्या त्या बाईने ती लेंडी उचलून तळहातावर घेतली आणि उजेडात पाहिली. तिचे डोळे भरून आले. शिकलीसवरलेली, चालते दुकान असलेली माणसे एका लेंडीभोवती जमून डोळे पुसत होती. मी तोंड फिरवले असते, पण मला तोंड नाही.

पुढच्या आठवड्यात चारावाला आपले कपडे न्यायला आला, सोबत नवी पिशवी घेऊन. "वहिनी, खास तुमच्यासाठी ठेवलं होतं. घाला आणि विसरून जा."

"विसरून नाही जमत आता, भाऊ." बाईने पिशवी इस्त्रीच्या खोलीत आणली. तोंड सोडले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "आत गरम लागतंय."

"उन्हातून आणलं ना."

"उन्हातलं वरून गरम असतं. हे वरून गार आहे आणि पोटात गरम." तिने मूठभर बाहेर काढले, वास घेतला. मग टेबलावर घडी घातलेला पांढरा शर्ट उलगडला आणि त्यावर ती मूठ झटकली. शर्टावर राखाडी भुकटी पडली.

"अहो, माझा शर्ट आहे तो."

"परत धुऊन देईन. आधी बघा काय पडलंय ते. हे माझ्या सशानं नाकात ओढायचं?"

"वहिनी, माणसं स्वतःच्या ताटातलं एवढं बघत नाहीत."

"नाही बघत. म्हणून तर ती तुमच्याकडून वाटेल ते घेऊन जातात."

आजोबा इस्त्री थांबवून ऐकत होते. इतकी वर्षे त्या घरात तुच्छतेने पाहण्याचे काम मी एकटीने केले होते. ते आता बाईनेही हाती घेतले, आणि खरे सांगते, तिला ते छान जमते. चारावाल्याने तोंड वाकडे करून पिशवी परत नेली आणि दुसरी आणली. बाईने तीही तशीच तपासली. एक काटेरी झुडुपाची फांदी निघाली, ती चारावाल्याच्या हातात ठेवली. बाकीचे ठेवून घेतले, कापडी पिशवीत, तोंड सैल, टाकीपासून लांब.

मग ती नळाकडे निघाली. बिट्टीने माझ्याकडे पाहिले. आजोबांनीही. मला वाटले, झाले, आता पुन्हा. बाईने नळ सोडला, हात धुतले, कोरडे पुसले आणि येऊन कोरड्या हातांनी मला भरले.

म्हणून सांगते मित्रांनो, गवत आणाल तेव्हा पिशवीवरचे चित्र पाहू नका, आत हात घाला. वास घ्या. काडी मोडून पाहा. पांढऱ्या कापडावर झटका, लाजू नका. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. घरी आणलेले गवतही मधूनमधून पुन्हा तपासा, कारण ते तुमच्या घरातच बिघडते आणि तुम्हाला कळत नाही. रोज ट्रे पाहा, तो कोरा दिसला तर खूश होऊ नका, धावा. आणि एवढे करायचा कंटाळा असेल, नुसते कुरवाळायला काहीतरी मऊ हवे असेल, तर ससा आणू नका. उशी घ्या. तिला पोट नसते.